पालकाची सही

मुलीच्या प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक रिकामी रेघ असे. तिच्याखाली ‘पालकाची सही’ एवढेच छापलेले. ती चौथीत असताना एकदा त्या रेघेवर मी सही करून पुस्तक शाळेत धाडले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. सोबत चिठ्ठी : ‘वडिलांची सही आणावी.’ मुलीने विचारले, “आई, तू माझी पालक नाहीस?” मी उत्तर दिले नाही. पोळ्या लाटायच्या होत्या.

त्या पुस्तकातील प्रत्येक गुणामागे माझी एकेक संध्याकाळ होती. पाढे मी पाठ करून घेतले, तापात कपाळावरच्या घड्या मी बदलल्या, लसींच्या तारखा मीच लक्षात ठेवल्या. तिची तुकडी कोणती, हे तिच्या वडिलांना विचारून घ्यावे लागे. ते वाईट गृहस्थ नव्हेत. आपल्या घरांत ही विभागणी कोणी दुष्टपणाने करीत नाही. म्हणूनच ती इतकी टिकून आहे.

केवळ शाळेला दोष देऊन भागत नाही. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता. तेच कलम पुढे सांगते की, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेच्या ताब्यात असावे. म्हणजे जागरणाची वर्षे आईची, सहीची वर्षे बापाची! कादंबरीकार गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना स्वतःस पालक म्हणविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पित्याची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीतही, असा अर्थ न्यायालयाने १९९९ साली लावला. निर्णय स्वागतार्हच, पण त्यातही आई उभी राहते ती बाप नसलेल्या जागी, त्याच्या शेजारी नव्हे.

यावर ठरलेले उत्तर मिळते : आपल्याकडे आईला दैवत मानतात. मानतात खरे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर मीही रडले आहे. तथापि त्या बेचाळीस रात्री बोलतो तो मुलगा. संसारातली बाई स्वतः बोलू लागली की काय ऐकू येते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पाहावे. देवाला पगार, रजा, मत यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून आईला देव करणे सर्वांनाच स्वस्त पडते.

या दैवताचा दिवस कसा जातो? २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणानुसार घरचे विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या. पुरुष ९७ मिनिटे, आणि तेही चारांतील सुमारे एकच पुरुष. २०११ च्या जनगणनेने मात्र केवळ घर सांभाळणाऱ्या स्त्रीची गणना ‘काम न करणाऱ्यां’त केली.

येथे मला स्वतःविरुद्धही साक्ष दिली पाहिजे. मुलीला मी आठव्या वर्षी पोळपाटापाशी बसविले. मुलाचे ताट मात्र तो नोकरीस लागेपर्यंत मीच उचलले. ‘मी केले की लवकर होते’ या सबबीखाली मी तशाच एका बापाला घडवीत होते. हे कबूल केल्याविना कायद्याकडे बोट दाखविण्याचा आम्हा आयांना अधिकार नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावयाचे ठरले. चांगले झाले. पण नाव ही नोंद आहे, सही हा अधिकार आहे. आई-वडिलांना पालक म्हणून समान दर्जा द्यावा, अशी शिफारस विधि आयोगाने २०१५ साली केलीच आहे. ती कलमात उतरावी. आणि घरात तापाच्या रात्री दोघांनी वाटून घ्याव्यात. यापैकी एकच गोष्ट झाली, तर ती अर्धीच राहील.

त्या दिवशी वडिलांनी सही केली आणि शाळेने पुस्तक ठेवून घेतले. मुलगी आज स्वतः आई आहे. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला फार उशीर झाला : होय, बाळ, मी तुझी पालक होते. चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी मी शाळेत जायला हवे होते.