बँकेच्या शाखेत लोक नेमकं कशासाठी जातात?



'आमची बँकेला भेट' या विषयावर मुलांना निबंध लिहायला सांगा. त्यात लॉकर असतो, नोटा मोजायचं यंत्र असतं, बंदूकवाला रखवालदार तर हमखास असतो. खातेदार मात्र नसतो. रांगेतली माणसं तिथे का आली आहेत, हे कुणी लिहीत नाही. लिहिणार तरी कसं? हल्ली घराघरात समजच असा झालाय की बँक म्हणजे मोबाईलमधलं ॲप, आणि ज्यांना ॲप जमत नाही तेच शाखेत जातात.

मला हे पटत नाही.

2016 साली यूपीआय आलं आणि रोजचं देणं-घेणं शाखेबाहेर गेलं. ते चांगलंच झालं. पाचशे रुपये काढायला टोकन घेऊन बाकावर तासभर बसण्यात काही थोर नव्हतं. पण बघा, सरळ चाललेला व्यवहार मोबाईलवर होतो आणि अडकलेला व्यवहार शाखेत येतो. खातेदाराला शाखेची किंमत कळते ती अशा वेळी.

आपल्या शाळेतलंच उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीच्या यादीत मुलीचं नाव आहे, पैसे जमा झाल्याचं दिसतंय, पण पासबुकात नोंद नाही. आई वर्गशिक्षकांकडे येते. बहुतेक वेळा घोळ एकच असतो. आधारवरून येणारी रक्कम फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातेच असं नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. आणि ते असतं दुसरंच, कधीतरी गावातल्या शिबिरात उघडलेलं. आता कोणत्या बँकेशी आधार जोडलंय हे ऑनलाइन बघता येतं, मान्य. पण ते बघायचं असतं हेच त्या माउलीला माहीत नसतं. तिचा प्रश्न एवढाच असतो, "सर, पैसे कुठे गेले?"

यंत्राला विचारायचं तर नेमका प्रश्न आधी माहीत असावा लागतो. माणसाला अर्धवट प्रश्न विचारला तरी चालतो. तो उलट विचारतो, "आणखी कुठे खातं आहे का? आधार दाखवा बघू." माझ्या मते जुन्या धाटणीच्या बँकेत ग्राहकाला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. व्याजदर साधारण सगळीकडे सारखेच, आणि वातानुकूलित हॉल कुणाला हवाय? 2024 च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण' योजनेसाठी बँकांपुढे बायकांच्या रांगा लागल्या होत्या, आठवतंय ना? त्यांतल्या कितीतरी जणींच्या हातात स्मार्टफोन होते. तरी त्या आल्या, कारण आपलं आधार नक्की जोडलं गेलंय का, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

तोंडून ऐकायचं आणि कागदावर घ्यायचं. पैसे भरल्याच्या स्लिपवरचा शिक्का, पासबुकातली छापील ओळ, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' अशी सही. तरुण मंडळी याला हसतात. पण तक्रार करायची वेळ आली की हाच कागद उपयोगी पडतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, तेही विनाशुल्क. त्यासाठी तारीख घातलेली पोच हाताशी लागते. आजोबा पोच जपून ठेवतात यात मागासलेपण काही नाही.

आजोबांवरून नोव्हेंबर आठवला. निवृत्तिवेतनवाल्यांचा हयातीचा दाखला 2014 पासून घरबसल्या डिजिटल पद्धतीने देता येतो, तरी कितीतरी जण शाखेतच जातात. उद्या पेन्शन थांबली तर कोणत्या टेबलापाशी उभं राहायचं, ही ओळख ते वर्षातून एकदा ताजी करून येतात. आणि ओळखीचा दुसरा उपयोग हल्ली जास्तच दिसतो. फोनवर पोलीस असल्याचं सांगून घाबरवायचं आणि ठेवी मोडायला लावायच्या, हे 'डिजिटल अरेस्ट'चं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. शाखेतल्या कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने विचारपूस केली आणि म्हाताऱ्या माणसाची पुंजी वाचली, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. ॲप इतकंच विचारतं, 'पुढे जायचं का?'

पण शाखेची आरती ओवाळायची नाहीये मला. 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ठेव ठेवायला गेलेल्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारणारेही तिथेच बसतात. आणि ओळखीचा चेहरा म्हणजे पैशाची हमी नव्हे. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. वर्षानुवर्षांचे खातेदार शाखेच्या दारात रडत होते. ठेवींवरचं विमा संरक्षण तेव्हा एक लाखाचं होतं, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचं झालं. एका बँकेत एका माणसाचे व्याजासकट पाच लाख, त्यावर नाही. हे आठवी-नववीच्या मुलांना पाठ हवं.

तरीही शाखा गेली तर काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसतंय. तिथल्या गावांच्या मुख्य बाजारपेठेतल्या, म्हणजे 'हाय स्ट्रीट'वरच्या, सहा हजारांहून अधिक शाखा 2015 पासून बंद झाल्या. मग लोकांची ओरड झाली आणि आता काही गावांत अनेक बँकांनी मिळून एकच सामाईक केंद्र चालवायची वेळ आली. काउंटर पोस्टाचं, आणि वेगवेगळ्या बँकांचा माणूस ठरलेल्या वारी येऊन बसतो. अर्धवट प्रश्न विचारायचा तर आपल्या बँकेचा वार येईपर्यंत थांबा! आपल्याकडेही विलीनीकरणानंतर शाखा एकत्र होत आहेत. देना बँकेची पाटी 2019 नंतर उतरलीच की.

म्हणून एक विनंती. पालकहो, आजीचं सगळं काम तुम्ही मोबाईलवर उरकून टाकू नका. अधूनमधून नातवाला तिच्याबरोबर शाखेत पाठवा. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं चालवता येतं. फॉर्म त्यालाच भरू द्या, चुकला तर दुसरा मागू द्या.

आणि शिक्षकहो, पुढच्या क्षेत्रभेटीत लॉकर नाही बघितला तरी चालेल. प्रत्येक मुलाने घरचा एक खरा प्रश्न घेऊन यावा आणि तो काउंटरवर स्वतः, मराठीत विचारावा. स्लिपा आणि फॉर्म मराठीतही असतात, नसले तर मागायला शिकवा. मिळालेलं उत्तर वहीत जसंच्या तसं लिहून घ्यायचं, निबंध त्यावरच. फक्त शाखा व्यवस्थापकांना आधी पत्र द्या आणि महिन्याचा पहिला आठवडा टाळा, पेन्शनची गर्दी असते.