नित्य शास्त्रवाचन : किती आणि कसें ?

पवित्र शास्त्राचें नित्य वाचन करावें, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मान्यच आहे. त्यासाठीं युक्तिवाद करण्याचें प्रयोजन नाहीं. ज्या घरांत सकाळीं किंवा रात्रीं प्रार्थना होते, तेथें एखादा अध्याय वाचला जातो. शाळेंतही दिवसाचा आरंभ शास्त्रवाचनानें होतो. परंतु सकाळीं वाचलेला अध्याय दुपारपर्यंत किती जणांच्या स्मरणांत राहतो, असें विचारलें असतां समाधानकारक उत्तर मिळत नाहीं. अन्न रोज पानांत पडावें आणि देह मात्र कृशच राहावा, तर दोष अन्नाचा नसून खाण्याच्या रीतीचा आहे, असें कोणीही जाणता वैद्य म्हणेल. आमच्या मतें शास्त्रवाचनाचीही आज तीच स्थिति झाली आहे. तें थोडें होतें म्हणून नव्हे, तर केवळ मोजून होतें म्हणून निष्फळ होतें.

शास्त्रांत ६६ पुस्तकें व ११८९ अध्याय आहेत. रोज तीन अध्याय आणि अधूनमधून एखादा अधिक, असा क्रम ठेवल्यास वर्षांत सर्व ग्रंथ संपतो. हा क्रम वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शास्त्राचा सर्व विस्तार एकदां तरी नजरेखालून जाणें अवश्य आहे. पण लेवीय पुस्तकांतील विधि आणि प्रभूचें डोंगरावरील प्रवचन हीं दोन्ही जो एकाच चालीनें उरकतो, त्याचें लक्ष अर्थाकडे नसून पुस्तकांतील खुणेच्या फितीकडे असतें. तसेंच पाठांतराचें. शास्त्राच्या परीक्षेंत बक्षीस मिळविणाऱ्या मुलास पुष्कळ वचनें मुखोद्गत असतात. पण अमुक वचन कोणीं, कोणास व कोणत्या प्रसंगीं उच्चारिलें असें विचारतांच तो गप्प बसतो. पाठांतर आम्हांस प्रिय आहे. संकटसमयीं पुस्तक हातीं नसतें, जिव्हेवर असेल तेंच उपयोगीं पडतें. तथापि माळेंतून ओढून काढलेला एकटा मणि म्हणजे माळ नव्हे.

शिवाय, अध्याय व वचनें हे विभाग मूळ लेखकांनीं केलेलेच नाहींत. आजची अध्यायांची मांडणी तेराव्या शतकांत कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या हातून झाली, असें मानितात. आणि नव्या करारांतील वचनांचे प्रचलित आंकडे रोबेर एस्तिएन नांवाच्या छापखानदारानें १५५१ सालीं घातले. ही सोय शोधण्यासाठीं आहे, थांबण्यासाठीं नाहीं. यशयाचा ५३ वा अध्याय आम्ही भक्तीनें वाचतों. परंतु त्या दुःखी सेवकाचें वर्णन ५२ व्या अध्यायाच्या १३ व्या वचनापासूनच सुरू झालेलें आहे. आंकड्याच्या आज्ञेनें चालणाऱ्या वाचकास त्या सेवकाचें अपमानित मुख दिसतें, परंतु त्याच्या उत्कर्षाचें जें वचन आरंभींच दिलेलें आहे, तें मागल्या दिवसाच्या वाचनांत राहून जातें.

मग वाचावें तरी कसें ? आमची सूचना साधी आहे. प्रथम एखादें लहान पुस्तक एका बैठकींत आरंभापासून शेवटपर्यंत वाचून काढावें. मार्कचें शुभवर्तमान १६ अध्यायांचें असून, तें मोठ्यानें वाचण्यास दीड-दोन तासांहून अधिक वेळ लागत नाहीं. रविवारच्या एका दुपारीं हें सहज साधतें. नंतर तेंच पुस्तक रोज दहापंधरा वचनें याप्रमाणें सावकाश घ्यावें, आणि जवळ वही ठेवून तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं : येथें कोण कोणाशीं बोलत आहे ? ह्यांतून देवाविषयीं काय कळतें ? आणि आज मजकडून काय व्हावें अशी येथें अपेक्षा आहे ? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याच दिवशीं आचरतां येईल इतकें लहान असावें.

उदाहरणार्थ, पौलानें फिलेमोनास लिहिलेलें पत्र घ्या. तें अवघ्या २५ वचनांचें आहे, आणि म्हणूनच बहुधा दुसऱ्या एखाद्या अध्यायास जोडून उरकलें जातें. तेंच आतां सावकाश पाहूं. लिहिणारा बंदिवासांत आहे. ज्यास लिहिलें तो घरंदाज गृहस्थ असून त्याच्या घरीं ख्रिस्ती मंडळी जमते. ज्याच्याविषयीं लिहिलें तो अनेसिम, त्याचाच दास. तो धन्यापासून दुरावला, पौलाच्या सहवासांत आला आणि ख्रिस्ती झाला. अनेसिम ह्या नांवाचा ग्रीक भाषेंत 'उपयोगी' असा अर्थ होतो. हें ठाऊक झालें म्हणजे, पूर्वीं कुचकामी ठरलेला हा मनुष्य आतां दोघांच्याही उपयोगाचा झाला आहे, असें जें पौल सुचवितो, त्यांतील प्रेमळ विनोद ध्यानीं येतो. पौलास आज्ञा करण्याचा अधिकार होता, पण तो विनंति करतो. अनेसिमाकडून कांहीं येणें निघत असेल तर तें आपल्या खात्यावर मांडण्यास सांगतो. आणि परत येणाऱ्यास भावाच्या नात्यानें घरांत घ्यावें, एवढी त्याची मागणी आहे. पत्राच्या आरंभीं अफ्फिया, अर्खिप्प व घरीं जमणारी मंडळी यांचाही उल्लेख आहे; अर्थात् ही विनंति चारचौघांसमक्ष वाचली जावयाची होती. पुढें फिलेमोनानें काय केलें, हें पत्रांत नाहीं.

आतां आमचा तिसरा प्रश्न विचारा. आपल्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईस कोणत्या शब्दांनीं हांक मारली जाते ? तिला चहा मिळतो तो घरच्याच पेल्यांतून कीं निराळ्या ठेवलेल्या पेल्यांतून ? वयानें वडिलांएवढ्या असलेल्या शाळेच्या शिपायास विद्यार्थी 'अहो' म्हणतात कीं 'अरे' ? ह्या प्रश्नांना जो वळसा घालून जातो, त्यानें २५ वचनें वाचलीं असतील, पत्र वाचलें नाहीं. उलट ज्या घरांत तो निराळा पेला त्या दिवशीं नाहींसा झाला, तेथें शास्त्रवाचन झालें असें आम्ही निःशंकपणें म्हणूं.

कित्येक वडील मंडळींस अशी भीति वाटते कीं, मुलें प्रश्न विचारूं लागलीं म्हणजे त्यांची श्रद्धा ढळेल. ही भीति शास्त्रास धरून नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया येथील लोकांची थोरवी वर्णिली आहे ती याचसाठीं, कीं पौलासारख्यानें सांगितलेली गोष्टसुद्धां ते रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत. त्याच पुस्तकांत कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथांत बसून यशयाचा ग्रंथ वाचीत चालला होता. वाचलेलें समजतें काय, असें फिलिप्पानें विचारतांच, त्या मोठ्या अधिकाऱ्यानें वाटाड्यावांचून समजत नाहीं असें स्पष्ट सांगितलें आणि परक्यास रथांत जवळ बसवून घेतलें. आमच्या मुलांनीं हाच धडा घ्यावा. न समजलेलें लपवूं नये. आणि आईबापांनींही, उत्तर येत नसेल तर मुलास गप्प न बसवितां, त्याच्याबरोबर बसून शोधावें. शास्त्र शिकविणें हें शाळेचें काम आहे, असें म्हणून जे पालक मोकळे होतात, त्यांस आम्ही नम्रपणें सुचवितों कीं, शाळेंत तास असतो. घरीं आयुष्य असतें. मुलगा शाळा सोडून जातो तेव्हां तास सुटतो. घरीं लागलेली संवय तेवढी त्याच्याबरोबर जाते.

आमच्या शाळेंत इतर धर्मांचेंही विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठींही आहे. कवि नारायण वामन टिळक हे ख्रिस्ती नव्हते त्या वेळची, १८९३ सालची गोष्ट. आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. त्यांनीं तो वाचावयास घेतला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांचें मन गुंतून राहिलें. पुढें १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अमुक वाचनाचें अमुकच फळ यावें असा आग्रह धरण्याचा अधिकार शिक्षकास नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जेथें मन अडकेल तेथें थांबण्याइतका प्रामाणिकपणा प्रत्येक वाचकापाशीं असावा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आणि ग्रंथही कोणताही असो.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. हा ग्रंथ आपल्या मायबोलींत आपणांस आयता मिळालेला नाहीं. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें विल्यम केरी व त्यांचे सहकारी यांच्या श्रमानें १८११ सालीं मराठी नवा करार छापून निघाला. त्यानंतर शतकानें पंडिता रमाबाईंनीं, केडगांवच्या मुक्ति मिशनाचा सर्व व्याप सांभाळून, हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि साध्याभोळ्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठींत समग्र शास्त्राचें भाषांतर केलें. १९२२ च्या एप्रिल महिन्यांत त्या निवर्तल्या; त्यांचें शास्त्र १९२४ सालीं पूर्ण प्रसिद्ध झालें. एकेका शब्दासाठीं ज्या बाईनें उतारवयांत रात्री खर्ची घातल्या, तिचें ऋण पानें मोजून फिटणार नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंति अशी आहे कीं, येत्या सुटींत फार मोठा संकल्प करूं नये. एक लहान पुस्तक निवडावें, एक वही घ्यावी आणि रोज पंधरा मिनिटें द्यावीं. पालकांनीं त्या पंधरा मिनिटांत घरांतील कोणतेंही काम मुलास सांगूं नये, आणि साधल्यास स्वतःही शेजारीं बसावें. शाळा पुन्हां उघडेल तेव्हां किती अध्याय झाले असें आम्ही विचारणार नाहीं. वाचल्यामुळें घरांत काय बदललें, एवढेंच विचारूं. त्या प्रश्नास एका वाक्याचें खरें उत्तर देतां आलें, तरी सुटी सार्थकीं लागली असें समजावें. तें उत्तर देण्याचें बळ प्रभु सर्वांस देवो.