आतून कल्हई, बाहेरून भंगार!

सध्या पॉटरी भलतीच 'इन' आहे. वीकेंडच्या वर्कशॉपला चाकावर बसायचं, कोपरापर्यंत मातीत हात घालायचे, वाकडातिकडा का होईना पण आपला मग घरी आणायचा, इथवर ठीक. आता त्याची पुढची पायरी आली आहे. रंगसुद्धा घरीच करायचे, आणि तेही भंगारातून. गंजलेले खिळे, जळक्या मोटरीतली तांब्याची तार, लेथ मशीनखाली सांडलेला लोखंडाचा कीस. बरणीत घाला, व्हिनेगर ओता, वाट बघा. निघालेली पूड मगाला लावा. मग त्या मगाला लेबल चिकटतं, 'अपसायकल्ड, केमिकल फ्री', आणि तो डीएमवरून विकला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. भंगारातून रंग जरूर करा. पण तो कपाच्या बाहेरच्या अंगाला लावा. जिथे ओठ लागतात आणि जिथे चहा टेकतो, तिथे नको.

आधी 'जरूर करा' का, ते सांगते. कारण अकरावीच्या केमिस्ट्रीला जे डोक्यावरून गेलं, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. साधं लोखंड पाण्या-व्हिनेगरात गंजवा, धुवा, वाळवा, वाटा, चाळा; हातात लाल आयर्न ऑक्साइड येतं. ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेच्या थरात, ते एक-दोन टक्के घातलं आणि भट्टीत हवा कमी ठेवली, तर फिकट शेवाळी हिरवा रंग उतरतो. तेच आठ-दहा टक्के घातलं की काळपट तपकिरी. तांब्याची तर आणखी गंमत. भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवा, हवा तोडली तर रक्तासारखा लाल. धातू एकच, फरक फक्त ऑक्सिजनचा.

बरं, हे काही इन्स्टाग्रामने शोधलेलं नाही. इ.स.पूर्व पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने निळा रंग करायची कृती लिहून ठेवली आहे: वाळू आणि नैसर्गिक सोडा एकत्र वाटायचा, त्यावर कानशीने पाडलेला तांब्याचा कीस घालायचा, गोळे वळायचे आणि भट्टीत भाजायचे. इजिप्तमध्ये हा निळा त्याच्याही किमान अडीच हजार वर्षं आधीपासून होत होता. म्हणजे धातूच्या किसातून रंग काढणं ही जुनीच विद्या आहे.

पण यात पैसे वाचतात, हा समज काढून टाका. एक किलो कोरड्या ग्लेझला तांब्याचा रंग लागतो साधारण 20 ते 50 ग्रॅम. तेवढं कॉपर कार्बोनेट दुकानातून आणणं फार महाग नाही. आणि पाकिटात काय आहे, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

भंगाराचं नेमकं इथेच घोडं अडतं. भंगारवाल्याकडचा पिवळा नळ म्हणजे पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. पण नळ कापायला सोपा जावा म्हणून त्यात अनेकदा शिसंही मिसळलेलं असतं. पत्र्याच्या खिळ्यांवर जस्ताचा मुलामा असतो. ते तापवले तर निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. जुन्या सर्किट बोर्डवरच्या डागात शिसं. तारेवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढलं तर विषारी धूर आपल्याच छातीत. आणि 'लवकर होतं' म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात घालून त्यातून करंट सोडलात, तर क्लोरीन वायू आणि कॅन्सर करणारं क्रोमियम, दोन्ही घरच्या घरी. यातलं काहीही 'केमिकल फ्री' नाही. तो शब्द पॉटरीत वापरणंच मुळात हास्यास्पद आहे. ग्लेझ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत केमिस्ट्रीच.

तांबं-व्हिनेगरच्या बरणीतलं ते सुंदर निळं-हिरवं पाणीसुद्धा साधं नाही. ते कॉपर अॅसिटेट, मोरचुदाचा भाऊबंद. पाण्यात विरघळतं आणि पोटात गेलं तर विषारी. त्यात धुण्याचा सोडा घातला की न विरघळणारं कार्बोनेट तळाशी बसतं, आणि वापरायचं ते हे. रीलमध्ये ही पायरी असतेच असं नाही. हातमोजे आणि मास्क तर फ्रेममध्ये चांगले दिसत नाहीत!

यावर नेहमीचा प्रश्न येतो: 'एवढ्या उष्णतेत सगळं काचेत बंद होत नाही का?' होतं, पण काच चांगली जमली तरच. तांबं जास्त झालं, भट्टी कमी तापली किंवा ग्लेझचं गणित चुकलं, तर आंबट पदार्थ तो धातू हळूहळू बाहेर ओढतात. लिंबाचा चहा, कोकम सरबत, सोलकढी. आपल्याकडे आंबटाची काय कमी?

आणि हे आपल्याला नवीन का वाटावं? ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना कोणत्याही लॅबशिवाय माहीत होतं. तांब्यातलं पाणी त्यांना चालायचं, पण चिंचेची आमटी नाही. म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. भांडं बाहेरून तांब्या-पितळेचंच राहायचं, आतून कथलाचा पातळ थर. ज्या भाषेत 'कळकणे' असं खास क्रियापद आहे, त्या भाषेतल्या मुलांनी तांब्याचा घरगुती रंग कपाच्या आत लावावा, हे जरा अतीच झालं.

मगालाही अशी कल्हई करता येते. आतून तांबं, शिसं नसलेलं, माहितीतलं, तपासलेलं ग्लेझ. बाहेरून तुमचा भंगारातला रंग, हवा तेवढा. काठापासून बोटभर जागा सोडून. शोभेची फुलदाणी, पणती, कुंडी, भिंतीवरची टाइल यांवर तर मोकळं रान आहे. लिंबाची फोड रात्रभर कपात ठेवून बघा. सकाळी रंग उडालेला दिसला तर तो कप पेनस्टँड झाला असं समजा. मात्र रंग नाही उडाला म्हणजे कप सुरक्षित, असं नव्हे. शिसं डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीच पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खात्री लॅबमध्येच होते: भांड्यात चार टक्के अॅसिटिक अॅसिड 24 तास ठेवून त्यात काय उतरलं, ते मोजतात. विकायचं असेल तर हा खर्च धंद्याचाच भाग धरा.

स्वतःच्या कपात स्वतः काय प्यायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुमचा मग विकत घेणारी मैत्रीण तो तुमच्यावर विश्वास ठेवून घेते. बरणीत काय काय पडलं होतं, ते तिला कुठे माहीत? तेव्हा लेबलवर 'अपसायकल्ड' खुशाल लिहा. त्याखाली एक ओळ अजून लिहा: रंग कशातून केला, आत कोणतं ग्लेझ आहे, पिण्यासाठी आहे की शोभेसाठी. ही ओळ लिहिता येत नसेल, तर तो मग अजून विकायला तयार झालेला नाही.