कसोटी कुठे थांबवावी?

स्प्रिंगला वजने टांगून तिची वाढलेली लांबी मोजण्याचा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. एका मर्यादेपुढे शिक्षक वजन टांगू देत नाहीत. का बरे? स्प्रिंग एकदा फार ताणली गेली, की ती पूर्ववत होत नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाची कसोटी घेतानाही हेच ध्यानात ठेवावे, असे मला वाटते.

या कार्डाचा कस पाहण्यासाठी फरमार्कसारखे प्रोग्राम मिळतात. ते पडद्यावर एका केसाळ कड्याचे चित्र सतत रेखाटत राहतात. खेळ खेळताना चिपवरील भार कमीजास्त होतो. येथे तिला क्षणाचीही उसंत नसते. चिपला मिळालेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेर उष्णताच होते. समजा, चिप 80 वॅट शक्ती घेते. एवढी उष्णता दोन बोटे जाडीच्या पेटीतून बाहेर काढायची!

“पण फार तापल्यावर चिप आपला वेग आपोआप कमी करते ना?” असे तुम्ही विचाराल. खरे आहे. परंतु हे संरक्षण मुख्यतः चिपपुरते असते. जवळच्या लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटतेच. शिवाय चिप सिलिकॉनची, तर तिच्याखालची पट्टी काचतंतू व राळेची. तापमान 60 अंश सेल्सिअसने वाढले, तर 10 मिलिमीटर सिलिकॉन सुमारे दीड मायक्रॉन वाढते. पट्टी मात्र सुमारे 9 मायक्रॉन. ही ओढाताण दोहोंना जोडणाऱ्या डाखाच्या बारीक ठिपक्यांना सोसावी लागते. वारंवार तापून निवल्याने त्यांना तडे जाऊ शकतात. हा केवळ कागदावरचा हिशोब नव्हे. लॅपटॉपमधील काही चिपच्या बांधणीत कमकुवत सामग्री असल्याचे एनव्हिडिया कंपनीने 2008 साली जाहीर केले आणि त्यापायी 15 ते 20 कोटी डॉलर खर्ची टाकले.

मग कसोटी घेऊच नये काय? जरूर घ्यावी, पण प्रश्न ठरवून. लॅपटॉप गादीवर नव्हे, टेबलावर ठेवा. दर मिनिटाला चिपचे तापमान लिहा व आलेख काढा. तो आधी झपाट्याने चढतो, मग सपाट होतो. सपाट झाला, म्हणजे जेवढी उष्णता निर्माण होते तेवढीच बाहेर पडू लागली. तुमचे उत्तर मिळाले! चिपचा वेग घसरू लागला, तर तेही उत्तरच: पंख्यात धूळ साचली आहे का, ते पाहा. त्यानंतर प्रोग्राम तासन्‌तास चालू ठेवल्याने ज्ञानात फारशी भर पडत नाही. यंत्राचे आयुष्य मात्र खर्च होते.

कारखान्यात काही नमुने मोडेपर्यंत तपासतात. ते योग्यच आहे, कारण ते नमुने विकावयाचे नसतात. तुमच्या घरी मात्र नमुना एकच असतो, आणि त्यावर उद्या ताईलाही अभ्यास करायचा असतो.