कुरवाचें लक्षण

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली कीं आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरूं लागतात. त्यांतील दोन जाती फार सारख्या आहेत. एकीस काळ्या डोक्याचा कुरव म्हणतात, दुसरीस तपकिरी डोक्याचा. वाचक म्हणतील, मग ओळखण्यास अडचण ती कोणती?

अडचण नांवांतच आहे. नैयायिकांच्या मतें लक्षण म्हणजे असाधारण धर्म. ज्याचें लक्षण करावयाचें त्या सर्वांत तो असावा आणि इतरांत नसावा. आतां हीं नांवें त्या कसोटीस लावून पाहा. हिंवाळ्यांत दोघांचींही डोकीं पांढरीं असतात. डोळ्यामागें काळसर डाग तेवढा दिसतो. ही झाली अव्याप्ति. वसंतांत परतण्यापूर्वीं डोकीं रंगूं लागतात, तों ‘काळ्या’ म्हटलेल्याचेंही डोकें वस्तुतः गडद तपकिरीच! ही अतिव्याप्ति. जर्डनसाहेबांनीं १८४० सालीं दुसऱ्यास शास्त्रीय नांव दिलें, तेंही डोक्याच्या रंगावरूनच.

खरा असाधारण धर्म पंखांत आहे. काळ्या डोक्याचा कुरव उडूं लागला म्हणजे पंखाची पुढची कड टोंकाकडे शुभ्र दिसते. काळा रंग टोंकांच्या किनारीपुरता असतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचें टोंक मात्र रुंद काळें, आणि प्रौढ पक्ष्यांत त्या काळ्यांत पांढरे ठिपके. शिवाय हा किंचित् थोराड, चोंचही जाड. प्रौढाचा डोळा फिकट असतो खरा. परंतु कोंवळ्या पक्ष्याचा काळसर असतो, म्हणून डोळ्यावर भिस्त ठेवूं नये.

एवढा काथ्याकूट कशासाठीं? पहिल्याचीं जन्मस्थानें युरोप व उत्तर आशियांत दूरवर पसरलेलीं आहेत. दुसरा जन्मतो तो लडाख, तिबेट व मध्य आशियांतील उंचावरच्या सरोवरांकांठीं. २००५ सालीं चीनमधील चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूच्या साथीनें हजारों पक्षी मेले, त्यांत हे तपकिरी डोक्याचे कुरवही होते. दोघांस एकाच खात्यांत मांडलें, तर एकाची तूट दुसऱ्याच्या भरतीखालीं झांकली जाईल आणि आपणांस तिचा पत्ताही लागणार नाहीं.

तेव्हां नातवंडांस समुद्रावर न्याल त्या वेळीं एवढेंच सांगावें: डोकें राहूं द्या, पंख पाहा.