आश्रमशाळेच्या मैदानावर घडणारी चाल

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीकडची मुले एरवीही जंगलातून कोसच्या कोस चालतात, त्यांना खेळाचा तास कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आश्रमशाळेत दाखल झालेले मूल सहाव्या-सातव्या वर्षीच गाव सोडते आणि त्याची पायपीट वर्ग, जेवणघर, वसतिगृह एवढ्यावर येते. नेमक्या याच वयात मुलाची चाल मोठ्यांसारखी स्थिरावत असते आणि टाच, गुडघा, खुबा यांची हाडे मात्र पुढे कितीतरी वर्षे वाढत राहतात. पायवाट पायांत दम भरते, हे खरे. भर वेगात थांबणे आणि क्षणात दिशा बदलणे मात्र खेळच शिकवतो. खो-खोत चवड्यांवर बसलेले मूल ‘खो’ मिळताच उसळते, खांबाला वळसा घालताना सगळा भार एका पायावर पेलते, हुलकावणी देणाऱ्याच्या मागे झेपावते. अशा पायाचा तोल रोजच्या चालण्यातही सुधारतो. पायांना पद्धतशीर सराव मिळाला की काय होते, हे ‘मिशन शौर्य’ या मोहिमेने दाखवले: मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली.

मात्र खेळ चाल घडवतो तसा बिघडवूही शकतो. आठ ते चौदा या वयात टाचेच्या वाढत्या हाडावर धावण्याउड्यांचा मारा अति झाला की टाच दुखू लागते आणि मूल ती टेकवायचे टाळून चवड्यावर चालते. त्याला कामचुकार ठरवणे अन्याय आहे. लहानपणापासून एकच खेळ हवा, नाहीतर विभागीय स्पर्धेत आणि पुढे पोलीस भरतीच्या धावण्यात मुले मागे पडतील, ही शिक्षकांची काळजी समजण्यासारखी आहे. इथल्या कित्येक घरांची आशा त्या भरतीवरच असते. तरीही भरतीची तयारी अठराव्या वर्षाच्या आसपासची, आणि दहा वर्षांच्या मुलाला आज खो-खो, उद्या कबड्डी, परवा लांब उडी असे सगळे खेळू दिल्याने ती बुडत नाही. उलट एकाच खेळाच्या अतिरेकाने दुखावलेला गुडघा भरतीच्या मैदानापर्यंत पोहोचतच नाही.

बुटांचा आग्रहही तपासून पाहावा. राव आणि जोसेफ या संशोधकांनी 1992 मध्ये भारतातल्या 2300 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत पादत्राणे वापरणाऱ्यांमध्ये सपाट तळव्याचे प्रमाण 8.6 टक्के होते, अनवाणी मुलांमध्ये 2.8 टक्के. म्हणून काट्याकुट्यांतून, सापांच्या वाटेवरून मुलांना अनवाणी पाठवा, असे कोणी म्हणू नये. गरिबीचे कौतुक करण्यात अर्थ नाही. रस्त्यावर चप्पल हवीच. पण झाडून घेतलेल्या मऊ मातीच्या मैदानावर अनवाणी खेळणे मापाबाहेरच्या बुटांपेक्षा कधीही चांगले.

गडचिरोलीत आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक परवडणारी नाही. इथल्या गोंड, माडिया समाजांत सिकलसेल आढळतो आणि त्या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून मूल लंगडू शकते. खेळताना लागले असेल म्हणून ते सोडून दिले तर खुबा कायमचा निकामी होऊ शकतो. आठवड्याहून जास्त लंगडणाऱ्या मुलाला वसतिगृहाच्या अधीक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, रक्ताची तपासणी आधी झाली नसेल तर ती करून घ्यावी आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयात खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा.