किंमत बिअरची आणि किंमत कामगाराची

लहान कारखान्यात, थोड्या प्रमाणावर, निगुतीने तयार होणाऱ्या ‘क्राफ्ट’ बिअरला जादा दाम मोजावे की नाही, हा केवळ सुखवस्तू गिऱ्हाइकाच्या चवीचा प्रश्न नाही. हे दाम ‘बड्या भांडवलाविरुद्ध स्थानिक कारागिराला हातभार’ अशा नैतिक आवाहनाने मागितले जाते. आवाहन नैतिक असेल, तर हिशेबही त्याच कसोटीवर मागितला पाहिजे.

लहान उत्पादनाचा दर लिटरमागील खर्च अधिक येतो, हे निर्विवाद आहे. माल्ट आणि हॉप सढळ हाताने वापरावे लागतात, ते घाऊक सवलतीने मिळत नाहीत, आणि यंत्रांचा व जागेचा भार थोड्या पिंपांवर पडतो. ही वाढ रास्त आहे. तिला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ‘लहान’ म्हणजे किती लहान? अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन या उत्पादकांच्या संघटनेने ही मर्यादा वर्षाला ६० लाख पिंपे, म्हणजे सुमारे ७० कोटी लिटर, इतकी ठरवली आहे. पूर्वी ती २० लाख पिंपांची होती. कारखाने फुगले, तशी व्याख्याही फुगली! मद्यउद्योगातील परक्या कंपनीचा हिस्सा पाव भागाहून कमी असावा, अशीही अट तीत आहे. कामगाराच्या वेतनाविषयी मात्र अवाक्षर नाही.

या मौनाचा अर्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अँकर’ कारखान्याने उघड केला. १८९६ साली स्थापन झालेला हा कारखाना बुडण्याच्या बेतात असताना १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी तो सावरला, आणि अमेरिकेतील क्राफ्ट बिअरचा उगम तेथे मानला जाऊ लागला. २०१७ मध्ये जपानच्या सापोरो कंपनीने तो विकत घेतला. महागड्या शहरात तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या तेथील कामगारांनी २०१९ मध्ये बहुमताने गोदी कामगारांच्या युनियनमध्ये प्रवेश केला आणि त्याच वर्षी पहिला करार पदरात पाडून घेतला. जुलै २०२३ मध्ये मालकाने कारखाना बंद केल्याची घोषणा केली. तो विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवण्याची तयारी कामगारांनी दाखवली. पण कौशल्य होते, भांडवल नव्हते. २०२४ मध्ये दह्याच्या व्यवसायातील एका अब्जाधीशाने तो घेतला. ज्या हातांच्या कसबाचे दाम गिऱ्हाइकाने इतकी वर्षे मोजले, त्या हातांत कारखाना आलाच नाही.

तात्पर्य, जादा दाम वाया जाते ते बिअर वाईट असते म्हणून नव्हे. त्यातून निर्माण होणारे वरकड मूल्य कोणाकडे जाते, हे गिऱ्हाइकापासून लपवले जाते म्हणून. शिकागोच्या ‘गूज आयलंड’ची मालकी २०११ मध्ये एबी इनबेव्ह या जगड्व्याळ कंपनीकडे गेली, बाटलीवरचे नाव तेच राहिले.

पुण्यातही २००९ पासून अशी बिअर तयार होऊ लागली आहे. तेथे पेला उचलणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत: पिंपे धुणाऱ्याला आणि टेबल पुसणाऱ्याला वेतन किती? तो कायम की कंत्राटी? त्याला युनियन करता येते काय? ‘सहकार’ या पाटीआड ऊसतोड मजूर कसा अदृश्य राहतो, हे पाहिलेल्या महाराष्ट्राला ‘क्राफ्ट’ या पाटीने भुलण्याचे कारण नाही. उत्तरे समाधानकारक असतील तर दुप्पट दामही रास्त ठरेल. नसतील तर ती कारागिरीची किंमत नव्हे, पाटीची किंमत होय.